बंद मीटरची गाडी

मागच्या महिन्यात निफाडकडचा एक माणूस आमची पिकअप बघायला आला. गाडी विकायची आहे असं मी कुणाला बोललो नव्हतो. पण पंधरा वर्षांना टेकलेली गाडी दारात उभी दिसली की ती आता निघणारच, असं धरून दोन-चार जण चौकशीला येतात. माणूस जाणता होता. आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. आम्ही आधीच चालू करून तापवून ठेवलं तर नाही ना, म्हणून. मग मला सेल्फ मारायला लावला. ऑइलचं झाकण काढून तिथून धूर फेकतेय का ते पाहिलं, डिपस्टिकचं तेल दोन बोटांत चोळलं, खाली बसून मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मोजले. शेवटी केबिनमध्ये डोकं घालून म्हणाला, "किती पळालीय?"

मीटरवर ६८,४१२ होते. २०११ च्या पिकअपवर. तो हसला, मीही हसलो.

"मीटर बंद आहे," मी म्हणालो.

"कधीपासून?"

आता याला काय सांगायचं? मीटर तसं पूर्ण बंदही नाही. त्याची केबल २०१३ च्या दिवाळीत पहिल्यांदा तुटली. तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरून गेलाय. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आलं की नवी केबल टाकायची, नाशकात पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवून आणायची, महिना-दीड महिन्यात केबल पुन्हा तुटली की पुढच्या पासिंगपर्यंत तिच्याकडे बघायचंच नाही. म्हणजे आमची गाडी वर्षातून महिनाभरच म्हातारी होते. बाकीचे अकरा महिने कुठेही जाते, काहीही वाहते, आणि वय तेवढंच.

त्याने एक आकडा बोलून दाखवला. आकडा वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "खरी किती झालीय ते काढून ठेवा, मग बसू."

हे काढणं अवघड नाही असं मला वाटलं, कारण दादांच्या डायऱ्या आहेत. दादा म्हणजे माझे वडील. खत-औषधांच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी फुकट मिळते, पानापानावर बुरशीनाशकाच्या जाहिराती असलेली. पिकअप आली त्या दिवसापासून दादा त्यात गाडीचा हिशोब लिहितात. डाव्या पानावर फेऱ्या, उजव्या पानावर खर्च. 'पिंपळगाव, टोमॅटो, ६० कॅरेट.' 'लासलगाव, कांदा. लिलाव सकाळी, खळ्यावर खाली करायला दुपार.' 'वाशी, द्राक्षं, कसाऱ्यात २ तास.' उजवीकडे डिझेलचे लिटर आणि भाव, ऑइल, ग्रीस, पंक्चर, हवा. पहिल्या डायरीत डिझेल ४५ रुपयांच्या आसपास आहे, आताच्या डायरीत नव्वदीत.

दोन रात्री बसून मी डाव्या पानांची बेरीज केली. आमच्या गावापासून प्रत्येक बाजार किती लांब ते माहीतच आहे. जाऊन-येऊन धरलं, आणि आकडा आला दोन लाख पाच हजार किलोमीटर. मग पडताळा म्हणून उजव्या पानांवरचं डिझेल मिळवलं. साधारण २३,००० लिटर. गाडी भरलेली-रिकामी मिळून लिटरला १२ देते. म्हणजे दोन लाख शहात्तर हजार.

एकाच डायरीच्या दोन पानांत सत्तर हजार किलोमीटरचा फरक.

काही डिझेल ट्रॅक्टरला गेलं असेल, काही बाजारातल्या रांगेत इंजिन चालू ठेवून जळालं असेल. दहा हजार त्यापायी सोडून दिले. तरी साठ हजार उरतात. नाशिकहून मुंबईला जाऊन-येऊन १८० वेळा. एवढी गाडी कुठे गेली होती, आणि दादांसारख्या माणसाने, जो दोन रुपयांची हवासुद्धा लिहितो, त्याने ते लिहिलं कसं नाही?

उत्तर आठवायला फार वेळ लागला नाही. दादा भाड्याच्या फेऱ्या लिहायचे. ज्या फेरीचं भाडं नाही ती फेरीच नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. नाशिककर पूर मोजतो नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते सांगितलं की शहरातल्या कुठल्या गल्लीत काय झालं असेल ते बाकीच्यांनी समजून घ्यायचं. माझी धाकटी आत्या तेव्हा भांडी बाजाराच्या बाजूला जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहायची. पाणी ओसरल्यावर आम्ही पिकअप घेऊन गेलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली, आत घोट्याएवढा गाळ. आत्याचा संसार हातोहात बाहेर काढला. गाद्या इतक्या पाणी प्यालेल्या की दोन माणसांना एक उचलत नव्हती. शिलाई मशीन, गव्हाची कोठी, भिजून फुगलेलं कपाट, फोटो. आत्या हौद्यात त्या सामानाबरोबरच बसली, पुढे केबिनमध्ये यायला तयार होईना. आमच्याकडे ती सहा महिने राहिली, मग सिडकोत खोली मिळाली, पुन्हा पिकअप. मधल्या काळात गाळ काढायला, लाकूड न्यायला, शेजाऱ्यांचं सामान हलवायला अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. त्या आठवड्याचं दादांच्या डायरीतलं डावं पान कोरं आहे. उजव्या पानावर डिझेल ४० लिटर, क्लचची वायर, हौदा धुणे.

आणि डिसेंबर २०२३. ७ तारखेला रात्री कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांचा लाल कांदा बाजारात न्यायचा होता, गाडी संध्याकाळीच भरून ठेवलेली. काका म्हणाले, "भरलीय तर जाऊ, बघू." गेलो. बाजारात लिलाव बंद पडलेले, रस्त्यावर माणसं, गाड्या भरलेल्या तशाच उभ्या. दुपारपर्यंत थांबलो आणि तोच कांदा परत आणून त्यांच्या खळ्यात ओतला. काकांनी पाकीट काढलं. विकायला नेलेला माल न विकता परत आणल्याचं भाडं कुणी कसं घ्यायचं? मी गाडी वळवून घरी आलो. ती फेरीही डायरीत नाही.

टाळेबंदीतली द्राक्षं तर घरचीच होती. मार्च २०२०, हंगाम ऐन भरात, व्यापारी फोन उचलेनात. तेव्हा मी गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या गेटवर पिकअप लावून द्राक्षं किलोवर विकली. आयुष्यभर क्विंटलमध्ये बोललेल्या माणसाला 'अर्धा किलो द्या, पण गोड आहेत ना?' याला उत्तर देणं फार जड जातं. पण ते एक सोडू.

आता हे साठ हजार किलोमीटर गाडीच्या अंगावरून गेले, आणि त्यांचा खर्च त्या लिहिलेल्या दोन लाख किलोमीटरांनी भरला. हे गाडीच्या दुरुस्त्या वाचताना स्पष्ट दिसतं. उजवी पानं डाव्या पानांपेक्षा कितीतरी खरं बोलतात.

आमच्या गाडीचं पासिंग सव्वा टनाचं, म्हणजे तेवढाच माल भरायची परवानगी. सव्वा टन म्हणजे किती? टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं, त्यात रिकाम्या कॅरेटचं दीड-दोन किलो वेगळं. कायद्याने ५७-५८ कॅरेटं झाली की गाडी भरली. डायरीत सुरुवातीला साठ-साठ लिहिलंय ते म्हणूनच. दोन-तीन कॅरेटं चोरून. तिसऱ्या वर्षी ऐंशी दिसतात. भाव बरा असला की शंभर. यासाठी दादांनी पहिल्याच वर्षी मागच्या दोन्ही बाजूंना जादा पाटे टाकून घेतले होते. आमच्याकडे नवी पिकअप शोरूममधून निघाली की आधी देवळात जाते आणि तिथून थेट पाटेवाल्याकडे.

त्याची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात कळली. फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, कडी लागेनाशी झाली. आधी वाटलं फाळका वाकला असेल, हातोडी मारून बसवली. आठ दिवसांनी पुन्हा लागेना, आणि खड्ड्यातून जाताना मागे 'टक्' असा एक कोरडा आवाज. वडाळा नाक्याच्या चाचांकडे गाडी नेली. चाचा आमचे जुने मिस्तरी, वय आता सत्तरीच्या पुढे, गाडीखाली स्वतः जात नाहीत, पोराला टॉर्च घेऊन पाठवतात आणि स्टुलावर बसून त्याला काय दिसतंय ते विचारतात. चेसिसला, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, गंजाची एक बारीक रेघ होती. केसासारखी. पोराने वायरब्रश मारला तेव्हा ती रेघ नसून चीर असल्याचं दिसलं.

चाचा मला म्हणाले, "पाटा वाढवला म्हणून वजन कमी झालं का? पूर्वी गाडी बसायची. ती सांगत होती तुला, बस झालं म्हणून. तू तिचं तोंड बांधलंस."

मी म्हणालो, पाटे दादांनी वाढवलेत. चाचा म्हणाले, "मग दादांना सांग."

जादा पाट्यांनी गाडी मागे दबत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेवढेच राहतात, टायर तेवढेच, अ‍ॅक्सलची बेअरिंगं तेवढीच. पाटा वाकून जो हिसका पोटात घेत होता तो आता सरळ चेसिसमध्ये जातो, आणि लोखंडाला हिसके मोजता येतात, आपल्यापेक्षा चांगले. त्या दिवशी मी चेसिसची चीर सांधताना पहिल्यांदा पाहिली. आधी बॅटरीच्या वायरी सोडल्या, वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरला खाऊ नये म्हणून. मग चिरेच्या अगदी टोकाला ड्रिलने एक छोटं भोक पाडलं. मला वाटलं, फाटलेल्याला अजून भोक कशाला? पण चीर टोकदार असते तोवर पुढे पळते. गोल भोकाशी आली की थांबते. मग चीर घासून रुंद केली, वेल्डिंग भरलं, वरून पट्टी चढवली. हे सगळं दोन तासांत झालं, आणि जादा पाटे काढून टाकायला मात्र दादांना पटवायला दोन महिने लागले. तेव्हापासून आम्ही पासष्टच्या वर कॅरेट घेत नाही. बरेचदा.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची गोष्ट तर पूर्ण आमच्या मूर्खपणाची. डिझेल स्वस्तात पडतं म्हणून नाही, तर पंपावर सारखं जायचा कंटाळा म्हणून आम्ही ट्रॅक्टरसाठी बॅरल भरून ठेवायचो आणि कधीकधी त्यातलंच पिकअपमध्ये ओतायचो. पावसाळ्यात बॅरलमध्ये घाम धरतो, पाणी तळाला बसतं. डिझेलच्या फिल्टरखाली एक छोटी चावी असते, ती सोडली की साठलेलं पाणी निघून जातं. ही चावी असते हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. इंजिनाचा डिझेल पंप आणि नोझल यांच्या आतल्या भागांना दुसरं वंगण नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. पाणी आत शिरलं की ते कोरडे घासतात. गाडी मिसिंग मारायला लागली, चढावर दम सोडायला लागली. नोझल करून आणायला निघालो आणि मायको सर्कलच्या सिग्नलला अडकलो. ज्या कंपनीच्या नावावरून हा चौक ओळखला जातो ती सातपूरला वर्षानुवर्षं डिझेलच्या नोझलच बनवत आलीय. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, चौक मायकोच राहिला. नोझलच्या गावात राहून नोझलची वाट लावलेला मी त्या चौकात धूर सोडत उभा होतो.

हौद्याचा पत्रा दोनदा बदलला. टोमॅटोचं पाणी, कांद्याचं पाणी, खताच्या फाटक्या गोणीतून सांडलेला युरिया. पत्रा वरून चकचकीत दिसतो आणि खालून जाळी. पत्रा वाचावा म्हणून टाकलेल्या प्लायवूडने तर त्याखाली ओल धरून काम जास्त लवकर उरकलं. क्लचप्लेट तीनदा. टायर किती ते मोजायचं सोडलं. ब्रेक एकदाच घाबरवून गेले, कसारा उतरताना, तिसऱ्यात उतरायच्या जागी चौथ्यात सोडली म्हणून. पेडल स्पंजासारखं खाली गेलं आणि लायनरचा जळका वास केबिनमध्ये भरला. त्यानंतर घाटनदेवीला थांबल्याशिवाय मी घाट उतरलो नाही. देवीसाठी तर थांबतोच. पण ड्रम निवतात, हेही आहे.

तर ही बेरीज मी दादांना दाखवली. दोन्ही आकडे कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून डाव्या पानांची बेरीज स्वतः पुन्हा तपासली, बरोबर आली. मग उजव्या पानांची. सत्तर हजारांच्या फरकावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मी म्हटलं, आत्याचं सामान, काकांचा कांदा, गणपती, शाळेची बाकं, कुणाची म्हैस दवाखान्यात, चैत्रात सप्तशृंगी गडावर नेलेली माणसं, जी मालाच्या गाडीत बसवायची नसतात तरी बसवली, सगळं मिळून एवढं होतं.

दादा म्हणाले, "म्हणजे डिझेल चोरीला गेलं नव्हतं."

आम्ही दोघंही गप्प झालो.

२०१३ मध्ये आमच्याकडे पेठकडचा एक पोरगा ड्रायव्हर होता. विशीतला, घाटातली गाडी सुंदर चालवायचा. जो गिअर चढताना, तोच उतरताना, हे मी त्याच्याकडून शिकलो. वर लिहिलेला कसाऱ्यातल्या ब्रेकचा प्रसंग तो गेल्यानंतरचा आहे. त्याच वर्षीच्या दिवाळीत मीटरची केबल तुटली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत दादांच्या लक्षात आलं की डिझेल फेऱ्यांना जुळत नाही. आठवड्याला पाच-सहा लिटर जास्त. गाडी लिटरला दहाच्याही खाली आल्यासारखी दिसत होती. मीटर चालू असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. दादांनी त्याला बोलावून विचारलं. त्याने गडाची शपथ घेतली. आणि त्याने एक वाक्य म्हटलं होतं, जे मला अकरा-बारा वर्षं आठवलंही नव्हतं आणि त्या रात्री शब्दाला शब्द आठवलं: "दादा, रात्रीची गाडी तुम्हीच पाठवता ना लोकांकडं, ती कुठं लिहिता?"

दादांना ते उलट उत्तर वाटलं. महिन्याचा हिशोब करून त्याला पाठवून दिलं. मी तिथेच उभा होतो. मलाही ते उलट उत्तरच वाटलं होतं.

निफाडच्या माणसाला मी अजून फोन केलेला नाही. तेवढ्यात पासिंग आलं. १५ वर्षं ओलांडली की फिटनेसची फी बरीच वाढते, त्यामुळे आताच्या फीचं हे बहुतेक शेवटचंच. चाचांकडे रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या लावल्या, हँडब्रेक ओढून घेतला, आणि केबल मागितली. चाचा म्हणाले, "दरवर्षी केबल टाकतोस. ती का तुटते, ते कधी विचारलंस?" पोराने गिअरबॉक्सकडचं टोक उघडलं. आतल्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे दोन दात गेले होते. दर फेऱ्याला ते अडकायचं, केबलला पीळ द्यायचं, आणि केबल बिचारी महिनाभर सोसून तुटायची. चाक बदललं. एका वेळच्या जेवणाचे पैसे.

आरटीओतून दुपारी बाहेर पडलो. दादा शेजारी बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी. घरी जायचं तर दिंडोरी रोडला लागून म्हसरूळकडे वळायचं. मी तिकडचा इंडिकेटर दिला.

"मार्केट यार्डाकडून घे," दादा म्हणाले.

तो पोरगा आता चाळिशीकडे आलाय. स्वतःचा छोटा हत्ती आहे, यार्डाबाहेर टेम्पो लागतात तिथे उभा असतो. मी त्याला जाता-येता पाहतो, हात करतो, तोही करतो. दादा इतकी वर्षं त्या बाजूने जाताना दुसरीकडे बघतात.

"यार्डात काही काम आहे का?"

"घे म्हटलं ना."

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी उलटीकडे, शहराच्या बाजूने घेतली. दादा पुढे वाकून मीटरकडे बघत होते. शेवटचं चाक हळूहळू वर सरकत होतं, आठचा खालचा अर्धा आणि नऊचा वरचा अर्धा एकत्र दिसत होते.

"सावकाश," ते म्हणाले, "फिरू दे."